एक किलो साखर कारखान्याला कितीला पडते?

२०२४-२५ च्या गाळप हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान रास्त दर, क्विंटलला ३४० रुपये ठरवली होती. हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला), म्हणजे टनाला ३,४०० रुपये. एवढ्या उताऱ्याने एक टन उसातून १०२.५ किलो साखर निघते. भागाकार केला की एका किलोमागे नुसत्या उसाचेच ३३ रुपये १७ पैसे होतात. त्यात बॉयलर, कामगार, पोती, कर्जाचं व्याज यांपैकी काहीच धरलेलं नाही. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली आणि या हंगामातही तीच होती.

मग कारखाने चालतात कसे? बाजारातला भाव किमान किमतीच्या वर असू शकतो, हे उत्तराचं एक अंग झालं. दुसरं अंग हिशेबातलं आहे आणि ते ऊस उत्पादकाने नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. उसाचे सगळे ३,४०० रुपये साखरेच्या नावावर टाकायचेच कशाला?

गव्हाणीत पडलेल्या एका टनातून साखरेबरोबर साधारण २८० ते ३०० किलो ओला बगॅस म्हणजे उसाचा चोथा, चाळीसेक किलो मोलॅसिस म्हणजे दाट काळी मळी, आणि तीस-चाळीस किलो प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ निघतो. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्यावर कारखाना चालतो आणि सहवीज प्रकल्प असेल तर वीज विकलीही जाते. मळी डिस्टिलरीत जाते, तिथे तिच्यापासून इथेनॉल बनतं. प्रेसमडचं खत होतं. ऊस मात्र एकदाच विकत घेतलेला असतो. अशा खर्चाला संयुक्त खर्च म्हणतात. दही घुसळलं की लोणी आणि ताक एकदमच निघतं; दुधाच्या पैशातले किती लोण्याचे आणि किती ताकाचे, हे रवीला विचारून कळत नाही. नियम माणसालाच ठरवावा लागतो.

वजनाप्रमाणे वाटणी केली तर उसाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग बगॅसच्या माथी येतो आणि साखर कमालीची स्वस्त दिसते. ते कोणालाच पटणार नाही. विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणी करणं जास्त समंजस. कारखानदारीत मात्र तिसरी रीत रूढ आहे. मुख्य उत्पादन साखर मानायचं, उपउत्पादनांची किंमत एकूण खर्चातून वजा करायची आणि उरलेला खर्च साखरेवर टाकायचा.

आता खरी गोम इथे आहे. मळी बाहेर विकली तर तिचं बिल असतं, दर दिसतो. तीच मळी स्वतःच्या डिस्टिलरीला दिली तर बिल फाडणारा आणि भरणारा एकच. दर कागदावर ठरतो. समजा टनामागे ४० किलो मळी निघाली. ती किलोला १० रुपये दराने डिस्टिलरीकडे वर्ग केली तर साखरेच्या खर्चातून ४०० रुपये वजा होतात. ६ रुपये धरले तर २४०. फरक १६० रुपयांचा. तो १०२.५ किलोवर पसरला की साखर किलोमागे सुमारे दीड रुपयाने महाग किंवा स्वस्त दिसते. ऊस तोच, यंत्रं तीच, कामगारही तेच. ज्या वर्षी साखर विभाग तोट्यात आणि डिस्टिलरी नफ्यात दिसते, त्या वर्षी आधी हा दर पाहावा.

आणि हा प्रश्न वहीपुरता राहत नाही. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उत्पन्नाच्या वाटणीचं सूत्र सुचवलं. साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड यांच्या मिळून उत्पन्नातले ७० टक्के ऊस उत्पादकाला, किंवा फक्त साखरेचं धरायचं तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. एफआरपी हा तळ. सूत्राप्रमाणे जास्त निघालं तर वरचा फरक द्यायचा. वरच्या उदाहरणातल्या १६० रुपयांचे ७० टक्के म्हणजे टनाला ११२ रुपये. सूत्राचा दर एफआरपीच्या वर गेलेला असेल, तर शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे ११,२०० रुपये मळीच्या त्या एका आकड्यावर अवलंबून असतात.

खर्चाच्या हिशेबाचा दुसरा भाग समजायला थोडं मागे जावं लागतं. १७७२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये बँका बुडाल्या, उधारी थांबली आणि भांड्यांची मागणी आटली. स्टॅफर्डशरमधला कुंभारकामाचा नामवंत कारखानदार जोसाया वेजवूड तेव्हा आपल्या वह्या घेऊन बसला आणि प्रत्येक नगाचा खर्च काढू लागला. साचे, भाडं, कारकुनांचे पगार असे बरेच खर्च माल कमी बनो वा जास्त, जवळपास तेवढेच राहतात, हे त्याच्या ध्यानात आलं. आज यांना आपण स्थिर खर्च म्हणतो. माल जितका जास्त, तितका हा बोजा नगामागे हलका.

साखर कारखान्याला हे फार बोचतं, कारण तो वर्षातले काही महिनेच चालतो. दिवसाला ५,००० टन गाळपाचा कारखाना घ्या आणि त्याचा वर्षाचा स्थिर खर्च ४५ कोटी रुपये समजा. १५० दिवस चालला तर साडेसात लाख टनांचं गाळप होतं आणि टनाला ६०० रुपये पडतात. ऊस अपुरा पडून १०० दिवसांत पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, तर ९००. म्हणजे साखर किलोमागे जवळपास तीन रुपयांनी महागली, तीही कोणी एका पैशाची उधळपट्टी न करता. ऊस पळवापळवी का होते आणि शेजारी नवा कारखाना उभा राहिला की जुने का हादरतात, याचं बरंचसं उत्तर या भागाकारात आहे.

इथेनॉलचा निर्णय घेताना मात्र वरची सगळी वाटणी बाजूला ठेवावी लागते. बी-हेवी मळी, म्हणजे जास्त साखर शिल्लक असलेली मळी, काढायची तर शेवटच्या टप्प्याची साखर काढायची नाही. उतारा सुमारे दीड टक्क्याने घटतो, टनामागे १५ किलो साखर सोडावी लागते. तुलना एवढीच, की त्या १५ किलोंचे बाजारात किती आले असते आणि जादा इथेनॉलचे डिस्टिलरीचा जादा खर्च वजा जाता किती येतील. उसाचे ३,४०० रुपये दोन्हीकडे सारखेच जाणार, म्हणून ते या गणितात येतच नाहीत. ‘साखर ३३ रुपयांना पडते, म्हणून इथेनॉलच परवडतं’ हा युक्तिवाद त्यामुळे चुकीचा. निष्कर्ष कदाचित बरोबर निघेल, पण या कारणाने नाही.

ठरावीक उलाढालीच्या वरच्या साखर कंपन्यांना खर्चाच्या वेगळ्या नोंदी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत. तिथे सभासदाच्या हातात वार्षिक अहवाल असतो. सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायचे तर गाळपाचे दिवस, सरासरी उतारा आणि डिस्टिलरीकडे वर्ग केलेल्या मळीचा दर एवढे तीन आकडे आधी मागावेत. त्यातला मळीचा दर त्या हंगामात बाहेर विकल्या गेलेल्या मळीच्या दराशेजारी ठेवून पाहावा.