चिरकारी आघातजन्य मस्तिष्कविकृती

(क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, सीटीई). डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे, बहुधा कित्येक वर्षांनी, दिसू लागणारा व वाढत जाणारा मेंदूचा ऱ्हासविकार. प्रत्येक वेळी शुद्ध हरपलेली असतेच असे नाही. खेळाडूच्या लक्षातही न राहणारे हलके धक्के साचत जातात. मुष्टियोद्धे, अमेरिकन फुटबॉल, रग्बी व आइस हॉकीचे खेळाडू यांच्यात हा विकार आढळला आहे.

‘पंच ड्रंक’ (ठोसे खाऊन झिंगलेला) हा मुष्टियुद्धाच्या वर्तुळातला बोलीशब्द अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये वैद्यकीय लेखनात आणला. १९३७ मध्ये मिल्सपॉ यांनी ‘डिमेन्शिया प्युजिलिस्टिका’ (मुष्टियोद्ध्यांचा स्मृतिभ्रंश) ही संज्ञा वापरली. आजच्या नावाचे श्रेय बहुतेक ठिकाणी ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ क्रिचली यांच्या १९४९ च्या लेखाला दिलेले आढळते. पण तत्सम शब्दरचना १९४० च्या सुमारास अमेरिकेतही दिसते. म्हणून क्रिचली यांनी ती घडवली म्हणण्यापेक्षा रूढ केली म्हणणे बरे.

कॉर्सेलिस व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये १५ माजी मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले. त्यांत मेंदूच्या पोकळ्यांमधला पातळ पडदा फाटलेला व कृष्णद्रव्यातील (हालचालींच्या नियंत्रणात भाग घेणाऱ्या मेंदूच्या गडद भागातील) पेशी कमी झालेल्या आढळल्या. अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर यांचा मेंदू मात्र २००२ मध्ये वरून जवळजवळ निरोगी दिसत होता. विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांना टाउ या चेतापेशींतील प्रथिनाचे साठे सापडले ते सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर.

निदान आजही मृत्यूनंतरच होते. एमआरआयवर ते पक्के करता येत नाही. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये कडक करून काप घेतात आणि टाउविरोधी प्रतिपिंडाने रंगवतात. मेंदूच्या घडीच्या तळाशी, बारीक रक्तवाहिनीभोवती, चेतापेशींत तपकिरी डाग दिसले तर निदान होते. आघाताच्या वेळी ऊतीवर सर्वाधिक ताण याच तळाशी येतो, असे संगणकीय प्रतिकृतींवरून दिसते. काप घडीच्या माथ्यावरून घेतला तर सुरुवातीची विकृती हातून निसटते. उलट, वृद्धांच्या तारापेशींतही (चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींत) टाउ साचतो व तो फसवतो. म्हणून चेतापेशींतील टाउ २०२१ च्या निकषांत अनिवार्य केला आहे.

विस्मरण, चिडचिड, आवेग न आवरणे ही नेहमीची लक्षणे, उतारवयात स्मृतिभ्रंश. रोग थांबवणारे औषध नाही.

प्रसाराचे आकडे जपून घ्यावेत. २०१७ च्या अभ्यासात एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या १११ पैकी ११० माजी खेळाडूंत विकृती आढळली, पण ते मेंदू दान केलेले होते आणि लक्षणे दिसलेल्यांचीच कुटुंबे दानाला अधिक पुढे येतात. रॉबर्ट्स यांनी १९६९ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या नोंदणीतून निवडलेल्या २२४ जिवंत माजी मुष्टियोद्ध्यांपैकी ३७ जणांत, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांत, मज्जासंस्थेचे दोष नोंदवले. नमुना म्हणून तो अधिक भरवशाचा.