छाप, मार्का, गिऱ्हाईक: सोलापूरच्या बोलण्यातले बाजारी शब्द

मालासाठीचे शब्द माणसाला चिकटवायची खोड सगळ्याच मराठीत आहे, पण सोलापुरात ते जरा जास्तच कानावर पडतं, कारण गावाचं पोटपाणीच चादर, टॉवेल, विडी न् कांद्यावर, आणि एकाच दुकानात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशी घासाघीस चालते. इथं चाटी गल्ली आहे. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, शब्द बोलण्यातून गेला, गल्लीच्या पाटीवर तेवढा राहिला.

सगळ्यात चालता शब्द गिऱ्हाईक. दुकानदाराला तो देव, पण कट्ट्यावर 'आज कुणाचं गिऱ्हाईक करायचं बे' म्हटलं की कुणाची तरी चेष्टा होणार, आणि बहुतेक वेळा जो उशिरा येतो तोच सापडतो. भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री, तरी 'साहेबांनी सकाळी सकाळी माझ्यापासनंच भवानी केली' म्हणजे पहिल्या शिव्या मला. माल खपला तर पेढे, माणूस खपला तर खांदा द्यायचा. भाव खाणं तर सगळ्यांना माहितीये. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या मार्केट यार्डात ५१२ किलो कांदा विकला, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात २ रुपयांचा चेक आला, म्हणजे कांद्याला भाव नाही आणि माणसं फुकटचा भाव खातात. 'माल' हा शब्द पोरीबाळींसाठी वापरतात तो मात्र निव्वळ घाणेरडेपणा, त्यात गंमत काही नाही.

फसवाफसवीला चुना लावणे, टोपी घालणे, गंडवणे. फसवणारा तो चारशेवीस, जुन्या दंड संहितेतलं कलम ४२० वरनं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं पण कुणी कुणाला 'तीनशेअठरा आहे बे तू' म्हणल्याचं ऐकलं नाही.

ट्रेडमार्क हा शब्द वकिलाकडचा, लोकांचा शब्द छाप नाहीतर मार्का. वाचता न येणारा माणूसपण विडीच्या बंडलावरचं चित्र बघून आपली विडी मागायचा, छाप म्हणजे ते चित्र. तिथनं अंगठाछाप, सडकछाप, टपोरीछाप, म्हणजे माणसालाच लेबल लावून मोकळे.

उलटंही होतं, कंपनीचं नाव सगळ्या मालाचं होऊन बसतं. वनस्पती तूप कुठलंही असो डालडा, कपाट गोदरेजचं, पाण्याची बाटली बिसलेरी, मोपेड लुना. साखळीवर चालणारं खोदायचं मशीन पोकलेन, ते नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचं. कंपनीला वाटतं नाव झालं, पण कायद्यात हा धोका आहे, नाव अगदीच सर्वसाधारण झालं तर हक्क जाऊ शकतो, मग नोंदणी दर १० वर्षांनी नव्याने करत बसा तरी.

सोलापुरी चादरीचं गणित वेगळं. ट्रेडमार्क एका मालकाचा, पण चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव इथल्या सगळ्या विणणाऱ्यांचं, बाहेर विणून 'सोलापुरी' म्हणून विकणं बेकायदा. तरी बाहेरगावी विकतात, आमच्या पाहुण्यांनी रेल्वे स्टेशनबाहेरच्या ढिगातनं घेतलेली अशीच निघाली, दोन धुण्यात गोळे आले. चाटी गल्लीतल्या दुकानदाराने ती हातात घेऊन नुसता कोपरा उलटला. जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंग आलटून पालटून येतात, हिची मागली बाजू कोरी होती. 'डुप्लिकेट हाय', एवढंच बोलला आणि घडी घालून परत दिली.

हाच डुप्लिकेट माणसालाही लागतो. पुण्याला जाऊन दोन वर्षांत इथलं 'बे' म्हणायचं सोडलेला पोरगा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेला गावी आला की मित्र त्याला डुप्लिकेट सोलापुरी म्हणतात, आणि मग त्या दिवशीचं गिऱ्हाईक तोच.