गावाचा नकाशा की सर्व्हे नंबर? गोव्यातल्या जमीनवादाची पार्श्वभूमी

गोव्यातल्या जुन्या गावांत घरे बहुधा एका ठरावीक पट्ट्यात असतात. वर डोंगर, उतारावर काजू-फणसाची झाडी, खाली भातशेती आणि मधल्या पायथ्याला वस्ती. डोंगरात मुरलेले पाणी विहिरींना मिळायचे आणि पिकाची जमीन घरांखाली जायची नाही. हा पायथा आता बऱ्याच गावांत भरला आहे. नवे बांधकाम एक तर वर डोंगरात चढते, नाहीतर खाली शेतात उतरते.

खाडीलगतच्या गावांत खालची शेते म्हणजे मुख्यतः खाजन. खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली ही जमीन शतकानुशतके कसली गेली. बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप, असते. तिची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगुट भात आणि मानशीवर मासळी, असे दुहेरी उत्पन्न होते. बांधाची देखरेख गांवकारीकडे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेकडे असायची. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला हक्क दिला. तो न्याय होताच. पण बांध एकट्याने राखता येत नाही, आणि ते काम ज्या कूळ संघटनांकडे आले त्यातल्या अनेक नावापुरत्याच उरल्या. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, काही वर्षांत खारफुटी उगवते आणि मग ‘पडीकच तर आहे’ हा युक्तिवाद तयार होतो. कुळांची शेतजमीन शेतीखेरीज कशालाही वापरू नये, असा कायदा 1991 पासून आहे. फुटका बांध मात्र तो दुरुस्त करू शकत नाही.

डोंगराची गोष्ट वेगळी. 1974 च्या नगरनियोजन कायद्याखाली गोव्याचा पहिला प्रादेशिक आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे रंगांनी झोन पाडून ठरवणारा नकाशा, ऐंशीच्या दशकात आला. भडका उडाला तो दुसऱ्याने. ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’ मध्ये डोंगर आणि बागायती मोठ्या प्रमाणावर वस्तीच्या झोनमध्ये दाखवल्या होत्या. आपल्या गावाचा रंग कसा बदलला, हे लोक नकाशे पसरून पाहू लागले. त्यातून ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले, डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये प्रतापसिंह राणे सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला.

पुढचे काम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या कृतिदलाकडे गेले. (खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी, ही साठच्या दशकातली कल्पना मांडणाऱ्यांपैकी हेच एक.) ‘आराखडा 2021’ चा मसुदा गावोगाव पाठवला गेला. खाजन, जंगल, पाणथळ जागा आधी संवेदनशील म्हणून आखायच्या आणि उरलेल्यात वस्ती बसवायची, हा क्रम त्यात होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हा क्रमच. तोही आराखडा निर्दोष नव्हता, तक्रारी बऱ्याच होत्या. 2012 मध्ये सत्ताबदल झाला आणि त्या निमित्ताने तो स्थगित ठेवला गेला.

त्यानंतर प्रश्नाचे रूपच पालटले. गावाचा नकाशा बाजूला पडला आणि सर्व्हे नंबर पुढे आला. 2018 मध्ये कायद्यात कलम 16 ब घातले गेले आणि जमीनमालकाला आपल्या तुकड्यापुरता झोनबदल मागण्याची वाट मिळाली. विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले. 2023 मध्ये त्याची जागा 17(2) ने घेतली. आराखड्यातल्या चुका आणि विसंगती ‘दुरुस्त’ करण्यासाठी हे कलम आहे, असे सांगितले गेले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्दबातल ठरवले. तोवर, 2024 मध्येच, झोनबदलाची वाट देणारे आणखी एक कलम, 39 अ, आले होते. त्यात झोनबदलाच्या प्रस्तावावर हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले.

घरांची गरज खोटी नाही. लग्न होऊन वेगळे राहू पाहणाऱ्या स्थानिकाला भाव ऐकूनच घाम फुटतो. पण झोन बदलून उभ्या राहणाऱ्या व्हिला बऱ्याचदा दिल्ली-मुंबईकरांचे दुसरे घर म्हणून असतात आणि वर्षातले कित्येक महिने कुलूपबंद राहतात. तीस दिवसांत हरकत नोंदवायची, तर राजपत्र रोज चाळणारा माणूस गावात हवा. अनेक गावांत तो आता ग्रामसभेतच तयार होतो आहे.