स्कॉट्स: लिहिणं एक करायचं की बोलणं?

स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या भाषेचं स्पेलिंग एकसारखं करायचा विषय निघाला की ईशान्येच्या ॲबर्डीनकडची मंडळी धास्तावतात, आपली बोली आता गिळली जाणार म्हणून. ही भीती लिहिणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करते. (स्कॉट्स म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. स्कॉटलंडचीच गेलिक भाषा निराळी, ती केल्टिक कुळातली.)

‘चांगला’ या अर्थाचा शब्द जी-यू-आय-डी असा लिहितात. ग्लासगोच्या बाजूला तो ‘गिड’, तर ॲबर्डीनकडे ‘ग्वीड’. चंद्राला एम-यू-आय-एन. तिथेही एकीकडे ‘मिन’, दुसरीकडे ‘मीन’. म्हणजे यू-आय ही जोडी कुणाच्याच उच्चाराची नाही. ज्याने त्याने आपल्या बोलीप्रमाणे वाचावी. यात कुणाची बोली जात नाही.

खरी अडचण ‘काय’पाशी येते. ग्लासगोकडच्या मध्य पट्ट्यात ‘व्हिट’, ईशान्येला ‘फिट’. डब्ल्यू-एच लिहा आणि फ वाचा, असा नियम कागदावर सहज बसतो. पण ‘फिट लाइक?’ हा तिथला रामराम आहे. त्यातला एफ पुसायला सांगणं म्हणजे दारावरची नावाची पाटी बदलायला सांगणं, आणि तिथल्या लोकांनी नकार दिला तर मी त्यांच्याच बाजूचा. शिवाय ‘कसं’ला इतरत्र ‘हू’ म्हणतात (लिहिताना नुसता एच, डब्ल्यू नाहीच) आणि तिथे ‘फू’. इथे तर तो नियमसुद्धा हात टेकतो.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 1947 मध्ये एडिनबऱ्याच्या मॅकर्स क्लबात कवींनी लेखनाचे नियम ठरवले, पण ते साहित्यिकांपलीकडे फारसे गेले नाहीत. गळालेल्या इंग्रजी अक्षराची जणू माफी मागणारा अपॉस्ट्रॉफी मात्र लेखकांनी बराचसा हद्दपार केला. ते बरंच झालं.

माझ्या मते घोडं अडतं ते शाळेत. सर्वांसाठी एक स्पेलिंग चालायचं तर यू-आय कसं वाचायचं हे आधी कुणीतरी शिकवायला हवं. 1872 च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं, पण ते इंग्रजीतून. त्यामुळे घरी ‘ग्वीड’ म्हणणारा माणूसही छापील स्कॉट्स इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि अडखळतो. त्याला कानाला ऐकू येतं तसं लिहिलेलंच सोपं वाटणार.

2022 च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी स्कॉट्स बोलता येत असल्याचं नोंदवलं, 2025 मध्ये भाषेला अधिकृत दर्जाही मिळाला. शब्दकोशात मात्र एकाच नोंदीखाली आजही चार-चार स्पेलिंगं शेजारी शेजारी नांदतात.