अणुशक्तिचालित हिमभंजक जहाजे

गोठलेल्या समुद्रातून इतर जहाजांना वाट काढून देणारी, अणुभट्टीच्या ऊर्जेवर चालणारी जहाजे. सोव्हिएत संघ व त्याचा वारसदार रशिया यांखेरीज कोणत्याही देशाने ती आजवर वापरलेली नाहीत. मूरमान्स्क हे त्यांचे मुख्य बंदर असून सायबेरियाच्या किनाऱ्यालगतचा ‘उत्तरी सागरी मार्ग’ हे कार्यक्षेत्र आहे.

हिमभंजक जहाज बर्फ कापत जाते, हा समज बरोबर नाही. त्याची गोलसर, तिरपी नाळ (जहाजाचे पुढचे टोक) बर्फाच्या थरावर चढते आणि जहाजाच्या वजनाने थर खाली मोडतो. यासाठी प्रचंड शक्ती सतत लागते. मोठे डिझेल जहाज भर हिवाळ्यात दिवसाला शेकडो पिंपे तेल जाळते आणि टाक्या रिकाम्या होण्याआधी त्याला बंदर गाठावे लागते. अणुभट्टीचे इंधन मात्र काही वर्षे पुरते. बंदर न गाठता समुद्रात दीर्घकाळ राहण्याच्या या क्षमतेतच या जहाजांचे खरे बळ आहे. भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार होते, वाफेवर टर्बाइन व जनित्रे फिरतात आणि त्या विजेवरील मोटारी मळसूत्री पंखे फिरवतात.

या प्रकारचे पहिले जहाज ‘लेनिन’. लेनिनग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथे १९५७ मध्ये त्याचे जलावतरण झाले व १९५९ मध्ये ते सेवेत आले. सुमारे १३४ मीटर लांबीच्या या जहाजावर सुरुवातीला तीन अणुभट्ट्या होत्या. १९६५ मध्ये एका भट्टीतील शीतक (भट्टी थंड ठेवणारे) पाणी वेळेआधी काढून घेतल्याने इंधनाची हानी झाली आणि १९६७ मध्ये पुन्हा गळती उद्‌भवली. अखेर जुना भट्टीकक्ष काढून आर्क्टिक महासागरातील नोवाया झेम्ल्या या रशियन द्वीपसमूहाजवळच्या समुद्रात बुडवण्यात आला, हा या इतिहासातील सर्वांत अप्रशस्त भाग होय. नव्या दोन भट्ट्यांसह ‘लेनिन’ १९८९ पर्यंत चालले. आज ते मूरमान्स्कमध्ये संग्रहालय आहे.

१९७५ मध्ये दाखल झालेले ‘आर्क्टिका’ सुमारे ७५,००० अश्वशक्तीचे होते. १७ ऑगस्ट १९७७ रोजी ते उत्तर ध्रुवावर पोहोचले. पाण्याच्या पृष्ठभागावरून तेथे जाणारे ते पहिलेच जहाज. याच वर्गातील ‘यामाल’ नाळेवर रंगवलेल्या शार्कच्या जबड्यामुळे दुरूनही ओळखू येते. सायबेरियातील येनिसेई नदीच्या उथळ मुखासाठी ‘तायमिर’ व ‘वायगाच’ ही पाण्यात कमी बुडणारी जहाजे फिनलंडमध्ये बांधून घेतली गेली. भट्ट्या मात्र लेनिनग्राडला बसवल्या.

२०२० पासून दाखल होत असलेली नवी जहाजे १७३ मीटर लांब आहेत. टाक्यांतील पाणी कमीजास्त करून ती खोल समुद्रात आणि नदीमुखात अशा दोन्ही ठिकाणी चालतात. दक्षिण ध्रुवाकडे जाण्याची मोहीम एकदाच, २०२० मध्ये, हिमभंजक नसलेल्या पण बर्फात चालणाऱ्या ‘सेव्हमोरपूत’ या अणुशक्तिचालित मालवाहू जहाजाने आखली. अंगोलाजवळ पंख्यात बिघाड होऊन ते अर्ध्या वाटेवरून परतले.