निपाणीची माणसं कोल्हापूरला का जातात, आणि आमची आई बसनंच का?

लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की निपाणीची माणसं सरळ कोल्हापूर गाठतात, आमच्याकडं बेळगावला येत नाहीत. पाव्हणे तिकडं असतात हे खरं, पण यामागं गणित पण आहे.

१९३१ मधे विल्यम रायली नावाच्या अमेरिकन माणसानं न्यूटनचं गुरुत्वाकर्षण चक्क बाजाराला लावलं. शहर जेवढं मोठं तेवढी ओढ जास्त, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ पाव. आता २०११ च्या जनगणनेत बेळगाव साधारण ४ लाख ८८ हजार, कोल्हापूर ५ लाख ४९ हजार, मधलं अंतर ११० किलोमीटर धरा. गणित केलं तर दोघांची ओढ सारखी होते ती जागा बेळगावपासून ५३ किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे संकेश्वरच्या जवळपास की! निपाणी त्याच्या पलीकडं. सीमाप्रश्न या सूत्रात कुठंच नाही बघा.

पण हे दोन गावांचं झालं. बेळगावातल्या बेळगावात, टिळकवाडीतनं गणपत गल्लीच्या बाजाराला जायला हे सूत्र उपयोगाचं नाही. १९६० च्या दशकात डेव्हिड हफनं यात सुधारणा केली, त्यानं किलोमीटर सोडून प्रवासाचा वेळ धरला आणि अमुक बाजारात माणूस जाईलच असं न म्हणता जायची शक्यता किती ते काढलं. शिवाय वस्तूप्रमाणं अंतराचा त्रास बदलतो. कोथिंबिरीसाठी कोण खडेबाजार गाठतंय, कोपऱ्यावरची गाडी बरी, पण शालूसाठी शहापूरच काय कोल्हापूर पण जवळ वाटतं.

वेळेचं पण एक गंमतशीर आहे. बसमधे बसून गेलेलं मिनिट आणि स्टॉपवर उभं राहून गेलेलं मिनिट सारखं नसतं, थांबण्याचा नि चालण्याचा वेळ माणसाला साधारण दीडपट-दुप्पट वाटतो असं वाहतुकीचे अभ्यासक धरतात. म्हणजे १५ मिनिटं प्रवास, १० मिनिटं वाट बघणं आणि ५ मिनिटं चालणं, घड्याळात अर्धा तास पण दुपटीनं धरलं तर मनात पाऊण तास. भाऊ म्हणतो म्हणून स्कूटर बरी, आणि मग मारुती गल्लीत पार्किंग शोधत तीन चकरा मारतो, त्या हिशोबात धरत नाही.

आई मात्र बसनंच जाते. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, हे एक कारण, पण दुसरं मला जास्त पटतं, ती एका फेरीत चार कामं करते. रविवार पेठेत डाळ, पांगुळ गल्लीत ब्लाउजला मॅचिंग अस्तर, कुणाची तरी चौकशी, देवाला फुलं. वाट बघण्याचा त्रास चार कामांत वाटला जातो. भाऊ एका चार्जरसाठी जाऊन येतो.

येताना मात्र दोन्ही हातांत पिशव्या असतात, बसमधे उभं राहायची ताकद नसते. मग आई रिक्षा थांबवते, "एष्टु?" म्हणून कन्नडमधे विचारते आणि मराठीत भांडून वीस रुपये कमी करते.