नाइफ पेंटिंग : तैलरंगातील उत्स्फूर्त चित्रण

कुंचल्याऐवजी पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट पात्याने, तैलरंग कॅनव्हासवर थापण्याची, ओढण्याची आणि खरवडण्याची पद्धत. पक्के रेखाटन न करता मनात जे दाटले आहे ते हाताच्या दाबातून उतरू देणे, हा तिचा उत्स्फूर्त प्रकार. पुढील विवेचन खानदेशातील विषय आणि हवामान समोर ठेवून केले आहे.

रंग कालवायची नाइफ सरळ असते. चित्रणाची नाइफ मुठीजवळ वाकलेली, गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण वाटावी अशी. त्यामुळे बोटे ओल्या रंगाला लागत नाहीत. पात्याला धार नसते, लवचीकपणा असतो. पाते सपाट फिरवले की रंग गिलाव्यासारखा बसतो, टोकाने टिपला की ठिपका उठतो, कडेने ओढला की रेघ.

जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये रंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि तयार तैलरंग घराबाहेर नेणे सोपे झाले. फ्रान्समध्ये चित्रकार गुस्ताव कूर्बे यांनी खडक आणि लाटा नाइफने रंगवल्या. तिथलेच चित्रकार पॉल सेझान यांनी तरुणपणी, १८६० च्या दशकात, नाइफने जाड थरांची व्यक्तिचित्रे केली. भारतीय चित्रकारांपैकी सय्यद हैदर रझा यांची १९५० च्या दशकातील फ्रान्समधली निसर्गचित्रे जाड रंगलेपनासाठी ओळखली जातात. नाइफ म्हणजे आवेश, ही समजूत मात्र भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांसमोर टिकत नाही. रोलर आणि नाइफने रंग लावत, काढत त्यांनी साधली ती शांतता.

खानदेशाच्या उशाशी असलेल्या अजिंठ्याची चित्रे रेषेवर उभी आहेत. नाइफला रेषेचे तेवढे कौतुक नाही. तिला वस्तुमान, म्हणजे भरीव आकार, लागते, आणि ते इथे भरपूर आहे. रावेर-यावलच्या केळीचे पान घ्या. पात्याच्या अर्ध्या भागावर हिरवा, अर्ध्यावर पिवळा घेऊन मधल्या शिरेपासून बाहेर एकच ओढ दिली की पानाची सावली आणि उजेड एकदम मिळतात. वाऱ्याने पान शिरेपर्यंत फाटते. त्या चिरा ओल्या रंगात कडेने खरवडल्या की खालचा, आधीच वाळलेला तपकिरी थर उघडा पडतो. वादळात आडवी झालेली बाग रंगवताना हाताची उभी ओढ आडवी होते, दाब वाढतो. हळहळ दाखवायला तिथे माणूस काढावा लागत नाही.

नंदुरबारच्या, उघड्यावर वाळत पसरलेल्या मिरचीच्या पथाऱ्या हा दुसरा मोहाचा विषय. नवशिका सगळीकडे निव्वळ लाल थापतो आणि लाल मरतो. मधून मातीचा करडा, देठांचा मळकट हिरवा डोकावला तरच तो पेटतो.

उत्स्फूर्त म्हणजे बेफिकीर, असा अर्थ घेतल्याने बरीच चित्रे वाया जातात. एकाच जागी पाते तीन-चारदा फिरले की ओले रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून प्रत्येक ओढीनंतर पाते पुसायचे, ओढ फसली तर ती सबंध खरवडून काढायची आणि पुन्हा एकदाच लावायची. भावना खोटी पडते ती बहुधा डागडुजीत.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. उष्णतेने ही क्रिया वेगावते. जळगाव-भुसावळचा मे महिन्यातला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा वरची साय लवकर धरते. आतला थर कच्चाच राहतो आणि वर सुरकुत्या पडू शकतात. जाड चित्र आतून वाळायला कित्येक महिने जातात. म्हणून जास्त तेलाचा थर कमी तेलाच्या थरावर द्यावा, उलटा नको. फार जाड काम ताणलेल्या कापडापेक्षा लाकडी फळीवर जास्त टिकते, कारण कापड दबले की वाळलेला थर तडकतो. चित्र गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण वाऱ्याने येणारी धूळ ओल्या रंगात कायमची रुतते. हार्डवेअरच्या दुकानातले उकळलेले जवस तेल स्वस्त पडते, पण कालांतराने पिवळे-काळे होते.

पाते पुसलेल्या चिंध्यांकडे कोणी लक्ष देत नाही. जवस तेल मुरलेल्या चिंध्यांचा बोळा सुकताना आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात, किंवा बोळा न करता एकेक सुटी पसरून वाळवावी.